हत्तीच्या घरातलं प्यादं

"हत्तीच्या घरात गेलंय, हत्तीच व्हणार!"

अध्यक्ष गर्दीतून ओरडले, तेव्हा सुमनचा हात वजिराकडे निघाला होता.

सत्तरच्या दशकात मानवतला मुलांची बुद्धिबळ स्पर्धा होती. मी परभणीचा व्यायामशिक्षक, तिथे पंच. डाव शेवटचा. पूर्णेच्या रेल्वे कॉलनीतली सुमन जिंकली तर जिल्ह्याच्या टीममध्ये जाणार, बरोबरी झाली तर राजू. तिच्यासमोर खेळणारा राजू स्पर्धेच्या अध्यक्षांचा पुतण्या. अध्यक्ष कापसाचे व्यापारी. त्यांना बुद्धिबळ येतं असं ते स्वतः सांगायचे. दुसऱ्या कुणाकडून मी कधी ऐकलं नाही.

सुमनचं प्यादं शेवटच्या ओळीत, कोपऱ्यातल्या म्हणजे हत्तीच्या घरात पोचलं होतं. तिथे पोचलेल्या प्याद्याचं वजीर, हत्ती, काय हवं ते करता येतं. जुन्या देशी खेळात मात्र ज्याचं घर, तेच मोहरं. मी अध्यक्षांना नियम सांगितला.

"पुस्तकातलं ऱ्हाऊ द्या, गुरुजी. शेवटचा शब्द कुणाचा ठरलाय?"

त्यांचाच. ही अट त्यांनी सकाळी मिशा पिळत सगळ्यांकडून मान्य करून घेतली होती.

"सर, मला वजीर पायजे," सुमन रडवेली झाली.

"काका, घेऊ द्या की तिला वजीर!" राजूही रडवेला.

"तू गप रे! तुझ्यासाठीच भांडायलोय ना!"

पोरगा काकापेक्षा हुशार. त्याचा एकटा उरलेला राजा पटाच्या दुसऱ्या टोकाला कोपऱ्यापाशी अडकला होता. वजीर आला असता तर राजाला शह नाही, पण हलायलाही जागा नाही. याला स्टेलमेट म्हणतात. डाव बरोबरीत सुटतो. राजू त्याचीच वाट पाहत होता. सुमनला ते दिसलं नव्हतं. मला दिसत होतं, पण पंचाला चाल सुचवता येत नाही.

"साहेब, हा तुमचा निर्णय समजू?"

"समजा की! हत्तीच!"

हत्ती आला. राजाला एक घर मोकळं राहिलं, राजूला तो तिथे न्यावा लागला. आणखी दोन चालींत सुमनने मात केली. राजूने काकाकडे असं पाहिलं की मलाच हसू आवरेना.

अध्यक्ष माझ्या कानाशी आले. "गुरुजी, पुस्तकात काय म्हणतंय ते बघा की जरा."

"पुस्तकातलं राहू द्या, साहेब."

कप त्यांच्याच हस्ते दिला. भाषणात ते देशी खेळाच्या परंपरेवर लय बोलले.

तेव्हापासून मी अशा माणसांना नियम एकदाच सांगतो. दुसऱ्यांदा सांगत नाही.