रावसासाठी सॅमनची काठी

आमच्या टोळीला मासे कमी मिळाले, किस्से फार. मासा दुपारच्या आमटीत संपायचा. किस्सा मात्र पुढच्या रविवारी थोडा वाढून परत यायचा! आम्ही चौघे. ठाण्याच्या शाळेचे हेडमास्तर दादासाहेब, रस्त्यांच्या खात्यातले ओव्हरसियर नारणराव, कल्याणचे वकील मोरोपंत आणि कचेरीतला कारकून मी. रविवारी कोपरीच्या खाडीवर गळ टाकून बसायचं, एवढंच आमचं व्यसन. आता त्या जागी मी एकटाच बसतो, म्हणून हे किस्से तुमच्या गळ्यात.

* * *

साध्या वेळूच्या काठीवर आमचं छान चाललेलं. पण साहेबलोक रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, असं दादासाहेबांच्या कानावर आलं. मग काय, त्या विलायती माशाची, सॅमनचीच काठी हवी!

आम्ही मुंबईला फोर्टातल्या विलायती दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, “टोक जमिनीला टेकवून वाकवून बघा. वाक शेंड्यापासून मुठीपर्यंत सारखा आला, तर काठी चांगली.” दादासाहेब एकेक काठी घेऊन परीक्षकाच्या थाटात वाकवू लागले. एक फारच मन लावून वाकवली. कडाड! सगळं दुकान वळून बघायला लागलं.

दादासाहेब शांतपणे म्हणाले, “ही नापास!”

नापास झालेलीच घरी आणावी लागली, हे वेगळं.

* * *

नारणरावांनी मोडणारं लाकूड घेतलंच नाही. त्यांनी बांबूच्या पट्ट्या सरसाने चिकटवून केलेली काठी घेतली. काय दिसायची! हात लावला तरी ओरडायचे, “अरे, घाम लागेल तिला!”

श्रावणात आमच्याकडची हवा तुम्हाला ठाऊक आहे. मीठसुद्धा पाणी सोडतं, तिथे सरसाचं काय? एका रविवारी नारणराव बांबूच्या पट्ट्यांची जुडी सुतळीने बांधून आले. “एक आणलेली, सहा झाल्या. वाटून घ्या!”

हसलो आम्ही पोट धरून. ते स्वतःही हसले. पण त्या पावसाळ्यात पुन्हा खाडीवर आले नाहीत.

* * *

मोरोपंतांना मात्र दुकानात न जाता काठी मिळाली. अशिलाने प्रेमाने दिलेली, भली लांब. ती घेऊन आम्ही बाळकुमला गेलो आणि पहिल्याच भरतीला जिताडा लागला. केवढा म्हणून सांगू! काठीची कमान झाली.

“दोरी सोडा!” नारणराव ओरडले.

“मुळीच सोडू नका, ओढा!” हे दादासाहेब.

“काठी उभी धरा!” हा मी.

मोरोपंत जन्माचे वकील. मासा तसाच धरून आमच्याकडे वळले आणि गरजले, “एकेकाने बोला!”

तेवढ्यात दोरी सैल पडली. शेंडा सरळ झाला. जिताडा गेला.

तसा मासा त्यांना पुन्हा कधी लागला नाही. ती काठीही पुढे वाळवीने खाल्ली.

* * *

हा किस्सा हसण्याचा नाही. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला. त्यात त्याची सॅमनची काठी होती. दादासाहेबांना ती बघताक्षणी आवडली. नारणरावही हट्टाला पेटले. चढाओढीत दोघांचा आवाज चढला, जुनं काय काय निघालं, आणि काठी तिसऱ्याच एका शेटजींनी नेली. पडदा अडकवायला!

त्यानंतर दोघे खाडीवर यायचे, पण माझ्या दोन बाजूंना बसायचे. निरोप माझ्यामार्फत. “त्यांना सांगा, गळाला शेवाळ लागलंय.” मी सांगायचो.

पुढे प्लेगच्या साथीत, गाठीच्या तापाने दादासाहेब गेले. अंत्यविधीहून परतताना नारणराव वाटेत थांबले. म्हणाले, “मला ती काठी आवडलीच नव्हती रे. त्याला आवडली, म्हणून हवी होती.”

* * *

शेवटी मोरोपंत आजारी पडले. छाती कमजोर, डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचीच बंदी केलेली. त्यांनी आम्हा दोघांना कल्याणला बोलावून घेतलं. “एक चांगली काठी आणा. माझ्यासाठी.”

नारणराव आणि मी पुन्हा फोर्टात गेलो. दुपारभर काठ्या पारखल्या. हलकी, सरळ, वाक कसा पाण्यासारखा! इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आमची निवड चुकली नाही.

मोरोपंतांनी उशीला टेकून तिचे तुकडे स्वतःच्या हाताने जोडले. रीळ बसवलं, दोरी ओवली. शेंडा थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला. दोरीचं टोक त्यांनी माझ्याकडे दिलं. “आत तुमच्या वहिनींना द्या. धरा म्हणावं.”

वहिनींना आमचे रविवार कधीच आवडले नव्हते. तरी पडद्याआडून हात आला आणि टोक आत गेलं.

“अगं, जरा ओढ.”

शेंडा हलला.

“अशी नाही. जोरात!”

शेंडा वाकला, मग अख्खी काठी वाकली. मोरोपंत एकेक फेरा रीळ गुंडाळायचे, आतून पुन्हा दोरी खेचली जायची. नारणराव खिडकीबाहेर बघायला लागले.

बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, “अहो, दमाल. सोडा आता.”

मोरोपंत म्हणाले, “कोणी सोडायचं? तू की मी?”

दोरी ताठच राहिली.