रंगनाथतात्यांचे टेबल

पहिल्या भेटीत रंगनाथतात्यांनी माझे नावसुद्धा विचारले नाही. रविवारची दुपार होती. बेल वाजली म्हणून बाहेर आले, तर फाटकाशी सत्तरीकडे झुकलेला एक उंच माणूस. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी सहा इंची स्टीलची पट्टी. नजर माझ्यावर नाही, माझ्या डोक्यावरून गच्चीकडे.

“बाई, ती वरची खोली हाय ना, तिची खिडकी उत्तरेला हाय का?”

“हो. का बरं?”

“म्हंजी ऊन शिरत नाय, पर उजेड दिवसभर सारखा. कोन बसतं तिथं?”

“कोणीच नाही. सामान पडलंय.”

“अरारा!” ते म्हणाले. एवढ्या हळहळीने, की क्षणभर मलाच अपराध्यासारखे वाटले.

दुसऱ्या कोणाला मी फाटकातूनच वाटेला लावले असते. पण मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. एखादा प्राणी असा का वागतो हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी त्यांना चहा विचारला आणि अर्ध्या तासात सगळा उलगडा झाला.

तात्या मागच्याच गल्लीत मुलाकडे राहत. मूळचे देवगाव रंगारीकडचे, मेंढपाळाच्या घरातले. जन्म कळपामागे फिरता फिरता वाटेत कुठेतरी झालेला. शिकले, शहरात आले आणि वाळूजच्या एका ओतकामाच्या कारखान्यात पॅटर्नमेकर झाले. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी तो लाकडात घडवतात आणि त्यावरून वाळूचा साचा घेतात. ते लाकूड घडवणारा तो पॅटर्नमेकर. “सारी जिंदगी दुसऱ्यांच्या मशिनीचं लाकूड केलं,” ते म्हणाले, “आता माझ्या मनातलं करायचंय.” निवृत्तीनंतर ते घराच्या बाल्कनीत छोट्या प्रतिकृती बनवत. बैलगाडी, विहिरीवरची मोट, दगडी जाते. मग नात रांगायला लागली आणि एक दिवस तिच्या तोंडातून बारीक स्क्रू निघाला. मुलगा काही वेडेवाकडे बोलला नाही, पण तात्यांनी त्याच संध्याकाळी सगळे पोत्यांत भरले. तेव्हापासून महिनाभर ते गारखेड्याच्या गल्ल्यांतून लोकांच्या खिडक्या बघत हिंडत होते.

मी होकार लगेच दिला, किल्ली मात्र चार दिवसांनी दिली. त्या खोलीत माझ्या नवऱ्याचे, अविनाशचे सामान होते. तो जाऊन तीन वर्षे झाली होती आणि तीन वर्षांत मी ते दार उघडले नव्हते.

तात्यांनी आपणहून एकही वस्तू हलवली नाही. मला स्टुलावर बसवले आणि एकेक वस्तू हातात धरून विचारू लागले, “बाई, ही रोज लागती, सणावारी लागती, का नुसती आठवणीला लागती?” मोडकी छत्री, बुद्धिबळाचा पट, कॉलेजच्या वह्या, जोडीदार हरवलेला एक बूट. रोजच्या ढिगात काहीच गेले नाही. “आठवणीच्या वस्तू फेकायच्या नसत्यात,” ते म्हणाले, “पर कामाच्या वाटंतबी ठिवायच्या नसत्यात. वर ठिवा. स्टुलावर चढलं की हाताला लागतील अशा.” त्यांनी दाराच्या वर एक लांब फळी ठोकली आणि तिच्यावर चार खोके बसले. बाकीचे भंगारवाला घेऊन गेला. मला वाटले होते तसे रडू काही आले नाही. जिना उतरताना भूक लागल्याचे मात्र लक्षात आले.

टेबल म्हणजे कुणाच्या तरी पाडलेल्या घराचे सागवानी दार. बसल्यावर दोन्ही कोपरे सहज टेकावीत म्हणून तात्या त्याच्याखाली विटा सारत होते, काढत होते, फरशीचे तुकडे सरकवत होते. त्यात एक दिवस गेला. आता पोती सुटतील असे मला वाटले. पण पुढचे आठ दिवस तात्या त्या रिकाम्या टेबलाशी नुसते बसून राहिले. शाळेतून आल्यावर मी वर डोकावले, तर हा माणूस हवेतच काहीतरी कापतोय, हवेतल्या बाटलीतला डिंक घेतोय, हवेतला ब्रश झटकतोय, आणि मध्येच खडूने टेबलावर फुली मारतोय. मला काळजीच वाटली.

“तात्या, हे काय चाललंय?”

“तालीम,” ते वर न बघता म्हणाले. “हात कुठं जातो ते बघतोय. हात आपनहून जिथं जातो, वस्तूची जागा तिथंच. वस्तू आपल्या मर्जीनं ठिवली आन मंग हाताला बोलावलं, तर हात रुसतो.”

नवव्या दिवशी पोती सुटली आणि प्रत्येक फुलीवर एकेक वस्तू जाऊन बसली. लाकूड कोरायच्या पटाशा छातीच्या उंचीला, भिंतीवर. घरातून बाद झालेल्या इडलीपात्राच्या खळग्यांत बारीक खिळे. डिंक लावायला बाभळीचे काटे, वाटीभर. टेबलाच्या कडेला एक कापड ठोकलेले, त्याची दुसरी कड तात्या कामाला बसले की कमरेला बांधत. हातातून काही सुटलेच तर ते जमिनीवर न जाता मांडीवरच्या झोळीत पडे. ही युक्ती सराफ्यातल्या एका सोनाराला बघून उचललेली. करवतीचे काम दाराजवळ, रंगाचे खिडकीजवळ, मध्ये माझ्या जुन्या साडीचा पडदा. “धूळ आन रंग, ह्यांची सोयरीक करायची नाय,” असे त्यांनी मला बजावून सांगितले. जणू मीच ती जुळवायला निघाले होते.

एकदा मी त्यांच्याबरोबर औरंगपुऱ्याच्या बाजारात करवतीची पाती घ्यायला गेले. दुकानदाराने पाच प्रकारची पाती काढली. तात्यांनी प्रत्येक पात्याच्या दातांवरून अंगठा फिरवला आणि मान हलवली. शेवटी दुकानदार वैतागून हसला, “चचा, इससे बारीक होना तो चूहे का दाँतच लाना पडेगा!” तात्या गंभीरपणे म्हणाले, “मिलता क्या?”

काम संपवून उठायची त्यांची एक रीत होती. टेबल ब्रशने झाडायचे, हत्यारे पुसायची, पण एखादे सोपे काम मुद्दाम तसेच सोडायचे. एक फळी घासायची ठेवायची, एक चाक बसवायचे ठेवायचे. “आवघड काम उरलं तर मानूस सकाळी वाट वाकडी करून जातो. सोपं उरलं की टेबलच हाक मारतं,” असे त्यांचे म्हणणे. तेव्हापासून मी उत्तरपत्रिका तपासताना शेवटची एक, एखाद्या हुशार मुलीची, दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवते.

महिनाभर ते काय बनवतायत हे मी ओळखू शकले नाही. विचारले तर म्हणत, “जमलं की सांगतो.” मग एक दिवस टेबलावर तळव्यावर मावेल एवढा घोडा उभा दिसला. त्याच्या पाठीवर वाकळा, भांडी, वर बांधलेली एक कोंबडी. माणसे माझ्या करंगळीच्या दोन पेरांएवढी. मेंढ्यांना खरी लोकर, देवगावहून आणलेली. तात्यांच्या लहानपणचा मेंढपाळांचा तळ उभा राहत होता.

“माझ्या लहानपनचा एकबी फोटो नाय, बाई. मेंढरामागं कोन फोटो काढतंय? मी सहा वर्षांचा असताना आई गेली. मंग मामानं शाळंत घातलं. मला तळ आठवतो, मेंढरं कोंडायची जाळी आठवती, कुत्रंसुदिक आठवतं. आईचं तोंड आठवत नाय.”

माझे लक्ष मात्र आधीच दुसरीकडे गेले होते. त्यांचा उजवा हात थरथरत होता. चहाचा कप उचलताना ते ती थरथर लपवत. डावा हात कपाखाली धरत. मी सरळच विचारले, तेव्हा म्हणाले, “डॉक्टर बोलले, वाढत जानार. घरी बोललो नाय. तुमीबी बोलू नका.” त्यांनी टेबलाच्या कडेला मनगट टेकवायला लाकडाचा गुळगुळीत ठोकळा बसवला होता. “टेकू दिला की गप बसतो. किती दिवस बसंल, काय सांगावं.” त्यांना घाई होती, आणि ती कसली तेही तेव्हाच कळले. तळ पुरा करून त्यांना तो एकाच माणसाला दाखवायचा होता. ठकुबाई, त्यांची थोरली बहीण, ऐंशीच्या पुढची. तो तळ पाहिलेले जिवंत माणूस आता ती एकटीच होती. “आधीच का नाही विचारलं तिला सगळं?” मी म्हटले. “आईचं नाव काढलं की लई रडती. मंग मीच गप बसायचो.”

दिवाळीनंतर ठकुबाई आली. तात्यांच्या मुलाने गाडीतून आणली. गच्चीचा जिना तिने पायरी पायरीवर बसत चढला. टेबलाशी आली आणि दोन्ही हात टेकून तळावर वाकली. तात्या भिंतीला चिकटून उभे होते, निकालाला उभ्या असलेल्या पोरासारखे.

“पानी कुठं हाय?” तिने पहिला प्रश्न विचारला.

“वढा तिकडं, आक्का. फळीच्या भायेर.”

“हां.” मग तिने बोट चुलीपाशी नेले. “ही कोन?”

“आई.”

“आई?” ठकुबाई हसली. रडली नाही, हसली. “आरं रंगा, आई कव्हा चुलीपशी बसली? भाकरी आजी करायची. आई जाळीपशी. लंगडी मेंढी, आजारी कोकरू, सारं तिच्याच मांडीव. डाव्या हातानं कोकराचं तोंड उघडायची आन पाला घालायची.”

“डाव्या हातानं?”

“डावखुरी व्हती की. तूबी तसाच. साळंत मास्तरानं पट्ट्या मारून मारून उजवा केला तुला. सुट्टीत आलास तव्हा बोटं सुजून आली व्हती, मीच शेकली.”

तात्यांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिले. आयुष्यभर वापरलेल्या हत्याराचा हरवलेला जोड सापडावा तसे. मला वाटते, त्या दिवशी आम्हा तिघांत सगळ्यात जास्त आश्चर्य त्यांनाच वाटले असेल. शाळेतल्या त्या पट्ट्यांची त्यांना पुसटशीही आठवण नव्हती.

दुसऱ्या दिवशी वर गेले तर टेबल रिकामे. पटाशा, काटे, इडलीपात्र, सगळे उतरवून जमिनीवर मांडलेले. तात्या डाव्या हाताने हवेत कापत होते. पुन्हा खडू, पुन्हा फुल्या, या खेपेला सगळ्या उलट बाजूला. मनगटाचा ठोकळाही तिकडे गेला. “उजव्यानं लई काम केलं. आता पेन्शन,” ते म्हणाले. मी त्यांना म्हटले की हा हातही कधीतरी थरथरू शकतो. “व्हय. पर आज नाय थरथरत.”

डाव्या हाताला काही येत नव्हते. पहिला महिना त्याने नुसते लाकूड वाया घालवले. दोनदा बोट कापले. एकदा तात्या एवढे बेजार झाले की चार दिवस फिरकले नाहीत, आणि पाचव्या दिवशी काही झालेच नाही असे येऊन बसले. चुलीपाशी बसलेली बाई आता आजी झाली; तिच्या पाठीला त्यांनी थोडा बाक दिला. जाळीजवळ बसलेली आई घडायला पावसाळा उजाडला. बाकीच्या माणसांइतकी ती सुबक नव्हती. कडा ओबडधोबड, नाक जरा मोठे. पण मांडीवर कोकरू होते आणि डावा हात त्याच्या तोंडाशी होता.

तोवर ठकुबाईचे गुडघे पार गेले होते. ती येऊ शकत नव्हती, म्हणून आम्हीच निघालो. मुलाने गाडी काढली. तात्यांनी आईला कापसात गुंडाळून चष्म्याच्या डबीत ठेवले आणि डबी देवगावपर्यंत हातात धरली.

ठकुबाई बाजेवर बसली होती. तिने मूर्ती डोळ्यांशी नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली. “हात तसाच काढलास,” एवढेच म्हणाली. मग पदराच्या टोकाला ती ठेवून गाठ मारायला लागली.

“आक्का, तिला जाळीपशी बसवायचीय,” तात्या म्हणाले.

“तुज्याकडं सारं मेंढरू हाय, घोडा हाय, आजी हाय. आईला मी ठिवते.” गाठ पक्की झाली.

परतताना गाडीत तात्यांनी रिकामी डबी खिशात ठेवली. मीच विचारले, “दुसरी कराल?”

“नाय बाई. एका आईच्या दोन कशा करायच्या?”

त्यानंतर तळ बघायला कोणी आले आणि जाळीजवळच्या मोकळ्या जागेबद्दल विचारले, की तात्या म्हणत, “आई लेकीकडं गेलीय.” दोन वर्षे ते डाव्या हाताने काम करत राहिले. मागच्या उन्हाळ्यात, एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत.

दहाव्यानंतर मी ठकुबाईला भेटायला गेले. ती माझा हात धरून बसली. पदराची गाठ तशीच होती. मग तिने विचारले, “बाई, शेवटाला रंगा कंच्या हातानं काम करायचा?”

“डाव्या,” मी म्हटले.

“मंग बरं,” ती म्हणाली, आणि जेवल्याशिवाय जायचे नाही म्हणून सुनेला भाकरी टाकायला सांगू लागली.