नवं कार्ड आणि काळा पडदा

मी कोल्हारला घरीच लोकांच्या घरांचे नकाशे काढते. पूर्वी कागदावरच्या नकाशावर भागायचं. आता पाया खणण्याआधीच प्रत्येकाला आपला बंगला आतून फिरून बघायचा असतो. त्यासाठी मी एकेक भाग आणून कॉम्प्युटर स्वतः जुळवला होता. पण पडद्यावर चित्र उमटवणारं त्यातलं ग्राफिक्स कार्ड जुनं झालं होतं. जिना चढताना चित्र अडायचं आणि गिऱ्हाईक बिचारं तिसऱ्या पायरीवर ताटकळायचं.

गेल्या हिवाळ्यात नगरहून नवं कार्ड आणलं. एसटीत खोकं मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, मिक्सर का? समजावत बसण्यापेक्षा मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते बसवलं. चार वाजता देवळाली प्रवराहून एक जोडपं आपलं घर बघायला येणार होतं. बटण दाबलं. पंखे फिरले, कार्डावरचा दिवा लागला, पडदा मात्र काळा. 'नो सिग्नल' एवढं क्षणभर उमटलं आणि तेही विझलं.

पडद्याची केबल नव्या कार्डालाच लावली होती. कार्डाला वीज देणारी वायरही घट्ट होती. केबल बदलली. पडदा बाजूला ठेवून टीव्ही जोडला, तोही काळा. शेवटी जुनं कार्ड परत घातलं, तर सगळं मुकाट्यानं सुरू झालं. म्हणजे दोष नव्या कार्डात, असं मी ठरवूनच टाकलं. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, तपासूनच दिलंय मॅडम, पण घेऊन या.

पुन्हा नगर, पुन्हा एसटी. मी कॉटवर बसून राहिले.

सासरे दारातून बघत होते. त्यांना आम्ही आबा म्हणतो. साखर कारखान्यात त्यांनी फिटर म्हणून उमेदीची सगळी वर्षं काढली, पण माझ्या कॉम्प्युटरला कधी हात लावला नव्हता. ते माझं काम, असा त्यांचा हिशेब. त्यांनी फक्त विचारलं, नवं परत बसवून दाखवतेस का, मला बघायचंय.

मी वीज बंद करून नेहमीसारखं कार्ड खाचेत घातलं आणि मागचा स्क्रू आवळायला घेतला. आबा बॅटरी लावून वाकले.

"थांब," ते म्हणाले. "तू स्क्रू पिळतीस तसं ते दुसऱ्या अंगाला वर उचलतंय. हे बघ, पिवळी कड दिसाय लागली."

खरंच, खाचेत गडप व्हायला हवी ती सोनेरी कड एका टोकाला नखभर बाहेर आली होती. कॉम्प्युटरच्या खोक्याचा मागचा पत्रा वाकला होता. स्क्रू आवळला की तो कार्डाला ओढायचा. जुनं कार्ड छोटं, ते कसंही बसायचं.

आबांनी पकड आणून पत्रा सरळ केला. मग मला म्हणाले, "आधी पुरतं बसव. आवाज आला की मग आवळ."

मी दाबलं. कट् असा बारीक आवाज आला. दुपारपासून तो आवाज मी ऐकलाच नव्हता, आणि नाही ऐकला हेही माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली. खोकं उघडं, जमिनीवर वायरी, माझे हात काळे. पाहुण्यांना खुर्च्या दिल्या, आबांनी चहा टाकला. चहा होईतो पडद्यावर चित्र आलं, इतकं स्वच्छ की मी दोनदा कॉम्प्युटर बंद करून चालू केला. आबांनी कपबशा ठेवल्या आणि ते तिथंच बसले.

जोडप्यातले दादा बोलके होते. गाडी कुठं लागेल, टाकी किती उंच, सगळं त्यांनीच विचारलं. वहिनी गप्प होत्या. कागदावरच्या नकाशाला त्यांनी तीनदा 'चांगलं हाय' म्हटलं होतं, त्यापुढं काही नाही. आता मी त्यांना दारातून आत नेलं, न अडता जिना चढवला, उतरवला, आणि स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभं केलं.

त्या पुढं सरकल्या.

"हितनं गोठा दिसत न्हाई," त्या म्हणाल्या.

दादा म्हणाले, गोठा कशाला दिसायला हवा? वहिनींनी शांतपणे सांगितलं, गाय व्यायला झाली की रात्रीतून चार वेळा मीच उठते, तुमी झोपलेले असता. आबा कपाआड हसले.

मी खिडकी उचलून शेजारच्या भिंतीत बसवली, बाहेर गोठा उभा केला आणि वहिनींच्या सांगण्यावरून त्यात एक काळी गाय बांधली. मग त्यांना न्हाणीघराचं दारही पटेना, कोठीची खोलीही पटेना. दादांनी खुर्ची मागं ओढून त्यांना जागा करून दिली. सहा वाजेपर्यंत अर्धं घर बदललं.