तोंड धुण्याचे पाढे

मी, मुकुंद दिनकर धारस्कर, वय वर्षे ब्याऐंशी. शालेय शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे सर्व वाचनालयाच्या कपाटांतून स्वतः मिळवलेले. एकोणीसशे साठनंतरची पंधरा-वीस वर्षे मी अकोल्यातील एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. तेथे किस्से गोळा करावे लागत नसत. औषधासाठी रोगी घरून रिकामी बाटली आणत, तिच्याबरोबर किस्साही येई. आज एकाच औषधाचे सांगतो.

मुरुमांवर आमचे डॉक्टरसाहेब एक द्रव लिहून देत. गंधक आणि औषधी साबण यांचे ते मिश्रण मी खलात घोटून तयार करी. ओल्या चेहऱ्यास लावावे, दोन मिनिटे ठेवावे, स्वच्छ धुवावे, एवढाच विधी. वास मात्र असा, की शेजारचा रोगी बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरके!

*

पहिले गिऱ्हाईक पातूरकडचे तरुण शेतकरी, नामदेवराव. त्यांच्या बाटलीवर मी सुवाच्य अक्षरांत 'बाह्योपचारार्थ' असे लिहिले. आणि हाताच्या सवयीने डोसची कातरलेली कागदी पट्टीही चिकटवली, जी पोटात घ्यायच्या औषधालाच लावतात.

आठ दिवसांनी नामदेवराव रिकामी बाटली घेऊन हजर.

"गुण आला?" डॉक्टरसाहेबांनी विचारले.

"तोंडावर नाही आला जी. पन पोट असं साफ झालं, का पुसूच नका!"

डॉक्टरसाहेबांनी पट्टी पाहिली, मग मला पाहिले. "धारस्कर, शब्द तुमचा शुद्ध आहे. पट्टी काढा."

मी पट्टी काढली आणि नव्या लेबलावर लिहिले, 'तोंड धुण्याचे. पिऊ नये.'

नामदेवरावांनी ते वाचले. "हे पयलेच लिवलं असतं, त मी कावून पेलो असतो?"



*

दुसरी अडचण दोन मिनिटांची. घड्याळ घरोघरी नव्हते. तेव्हा मी, अभिमानाने सांगतो, उपाय सुचवला: द्रव लावून एकवीस ते एकोणतीसचे पाढे म्हणावेत, मग चेहरा धुवावा. डॉक्टरसाहेबांना तो पसंत पडला.

अमरावतीचे एक तरुण भिक्षुक महिनाभर औषध लावूनही होते तसेच परतले. डॉक्टरसाहेब म्हणाले, "गुरुजी, पाढे म्हणून दाखवा बरं."

गुरुजींनी डोळे मिटले आणि अर्ध्या मिनिटात 'एकोणतीस दाहे दोनशे नव्वद' गाठले!

"अहो, घाई कशाची? इथे मुहूर्त टळत नाही!"

"सवय हो, डॉक्टरसाहेब. पुढच्या घरी यजमान ताटकळत असतात ना!"

तेव्हापासून मी सूचना वाढवली: पाढे मोठ्याने आणि सावकाश म्हणावेत.

*

मग आली वसुधा. मूर्तिजापूरची, विशीच्या आतली, शिक्षिकेच्या ट्रेनिंगसाठी अकोल्यात मावशीकडे राहणारी. डोक्यावरचा पदर दोन्ही गालांवरून ओढून हनुवटीखाली मुठीत धरलेला.

"सहा आठवड्यांनी माझा परीक्षेचा पाठ आहे. वर्गासमोर उभं राहायचंय. तोवर चेहरा स्वच्छ होईल?"

"आठ-दहा आठवडे लागतील," डॉक्टरसाहेबांनी स्पष्ट सांगितले.

"मग मी पाठ देत नाही. गावी परत जाते."

मावशी कडाडल्या, "पाठ नाही देला त मास्तरीन कशी होशीन? पोरायले मुरुम शिकवनार हायेत, का तू?"

"पोरी, आजपासून धुवायला लाग," डॉक्टरसाहेब म्हणाले. "पाठाचं मागाहून पाहू."

मी बाटली भरली. पट्टी लावली नाही.

*

चार आठवड्यांनी मावशी दुसरी बाटली भरून न्यायला आल्या.

"हे औषध हाये का शिक्षा? पोरगी रोज सकायी आंगनातल्या मोरीपाशी उभी राहून पाढे वरडते. मंग बदाबदा पानी! भिंतीपल्याड शाळा हाये. पोरं प्रार्थनेले उभी असतात, सारं ऐकतात."

"सूचनेप्रमाणेच चालले आहे," मी म्हणालो. "गाल कसे आहेत?"

"उजवा समजदार निंगाला. डावा अजून रुसून हाये. अन् पोरगी म्हनते, पाठ देतच नाही."

*

पाठ त्याच भिंतीपल्याडच्या शाळेत ठरला. पुढचे वसुधाबाईंनी तिसऱ्या बाटलीच्या वेळी स्वतः सांगितले.

मावशींनी त्यांना हात धरून वर्गाच्या दारापर्यंत नेले होते. चौथीचा वर्ग, मागे परीक्षक. त्यांनी विषय ऐनवेळी दिला: एकोणतीसचा पाढा. बाईंनी फळ्यावर आकडा लिहिला आणि फळ्याकडेच तोंड करून उभ्या राहिल्या.

"बाई, वर्ग इकडे आहे," परीक्षक म्हणाले. "आणि पदरातून आवाज येत नाही."

बाई वळल्या. पदर खांद्यावर घेतला. डावा गाल लालच होता. त्यांनी मोरीपाशी मिटत तसे डोळे मिटले आणि मोठ्याने, सावकाश म्हणाल्या, "एकोणतीस एके एकोणतीस."

"एकोणतीस दुणे अठ्ठावन्न!" अख्खा वर्ग गरजला. न अडखळता, बाईंच्याच चालीवर, थेट दोनशे नव्वदपर्यंत!

परीक्षक उठून उभे राहिले. वही उघडून त्यांनी लिहिले, 'वर्गाची पूर्वतयारी असाधारण.'

तेवढ्यात पहिल्या रांगेतील एका मुलीने हात वर केला.

"बाई, आता पानी कावून नाही टाकत?"

वसुधाबाई उत्तीर्ण झाल्या आणि पुढे त्याच शाळेत लागल्या. डावा गाल आणखी महिन्याभराने निवळला. पदर त्या दिवसापासून खांद्यावरच राहिला.