खरमासातली घोडी

रायपुरातल्या तात्यापारा वस्तीत शांताबाईंना नावानं कुणी ओळखत नसे. 'घोडीवाल्यांची बाई' म्हटलं की मात्र पानठेल्यावरचा माणूसही उठून घर दाखवायचा. पुलगावहून लग्न होऊन त्या इथे आल्या तेव्हा दारात सासऱ्यांचा टांगा होता. पुढे टांगे बंद झाले, घोडं तेवढं राहिलं, आणि नवरा गंगाधरराव वरातींना घोडी देऊ लागले. इतक्या वर्षांत शांताबाई एकाही वरातीत चालल्या नव्हत्या. त्यांचं काम घरामागच्या अंगणात. झूल धुवायची, तिचे सुटलेले आरसे टाचून घ्यायचे, घोडीची आयाळ विंचरायची आणि तिन्हीसांजेला नवऱ्यानं तिला बाहेर काढलं की अंगण झाडून घ्यायचं. बँडचा आवाज लांबून आला की त्या अंदाज बांधायच्या, आता नवरदेव चढला असेल.

सध्याची घोडी शेवंती. पांढरी, एका कानाच्या टोकाला करडा ठिपका. तिला सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलं होतं गंगाधररावांच्या पुतण्यानं, निरंजननं. मंडप, लायटिंग, बँड असा लग्नाचा सगळा कारभार तो पाहायचा. घोडी त्याची, सांभाळायची काका-काकूंनी, असं ठरलेलं. त्या वेळी त्यानं दोन घोड्या घेऊन एकाच ट्रकात घातल्या होत्या. वाटेत कुठेतरी एक पडली. ड्रायव्हरनं मागे वळून पाहिलं नाही. गल्लीच्या तोंडाशी ट्रकचा फाळका उघडला तेव्हा शांताबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन समोर उभ्या होत्या. आत एक घोडी मरून पडलेली, आणि तिच्यावर पाय पडू नये म्हणून अंग चोरून, कडेच्या लोखंडाला चिकटून दुसरी उभी. तिच्या कातडीखाली सगळीकडे काहीतरी धावत होतं.

ती उतरली आणि त्यानंतर कुठल्याही गाडीत चढली नाही.

बरीच वर्षं त्याची गरजही पडली नाही. ब्राह्मणपारा, सदर, बूढ़ा तालाब, सगळी लग्नं पायी जाण्याजोगी. मग शहराबाहेर, लांब, नवा रायपुर वसलं. लग्नं तिकडच्या लॉनवर आणि रिसॉर्टात जाऊ लागली. गंगाधरराव सकाळी घोडी घेऊन निघत, रुंद मोकळ्या रस्त्याच्या कडेकडेनं चालत, दुपारी कधीतरी पोचत आणि दुसऱ्या दिवशी परतत. रस्ता एवढा सरळ की पुढचं काही जवळ येतच नाही, असं ते म्हणायचे. दोन हंगामांत त्यांचे गुडघे गेले. घरी आले की खाटेवर बसून पाय दोन्ही हातांनी उचलून वर ठेवत.

तेव्हा निरंजननं वेल्डरकडून ट्रॉली करून आणली. जीपच्या मागे लावायची, निळ्या रंगाची, वर पत्रा, दोन्ही बाजूंना जाळी. मागचा फाळका खाली सोडला की त्याचाच उतार व्हायचा. पुढे माणसापुरतं एक छोटं दार. खरमास लागला होता, संक्रांतीपर्यंत मुहूर्त बंद, घोडी मोकळी. जुन्या राईस मिलच्या आवारात ट्रॉली उभी करून निरंजननं सांगितलं, की हा महिना हाताशी आहे, शिकवून टाका. नाही चढली तर पुढच्या हंगामाला तिला ठेवून उपयोग नाही. तो हे हसत म्हणाला. तो सगळंच हसत म्हणायचा. बँडवाल्या म्हाताऱ्या श्यामरावाला कामावरून काढतानाही तो असाच हसला होता, हे शांताबाईंना आठवलं.

सुरुवात पुरुषांनी केली. पुढून दोर ओढला, मागून बांबू आडवा धरून रेटलं, डोळ्यांवर फडकं बांधलं. शेवंती पहिल्या खुराचा लोखंडावर ठण्ण आवाज झाला की जागीच थिजायची. मग मागच्या पायांवर उभी राहायची. एकदा ती फाळक्याच्या कडेवर आपटली, गुडघा सोलून निघाला. गंगाधरराव शिव्या देत खाली बसले. शांताबाई चुना-हळद घेऊन गेल्या तेव्हा घोडी त्यांच्या खांद्यावर तोंड टेकून उभी राहिली. तिचा श्वास गरम होता आणि फार जोरात चालला होता.

"हे हट्ट नाही करून राहिली," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तिले आठवते."

"जनावराले काय आठवते, शांता?"

शांताबाईंच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. नवरदेव घोडीवर चढण्याआधी त्याच्या बहिणी-भावजया घोडीला भिजवलेली चण्याची डाळ खाऊ घालतात. हंगामात दर संध्याकाळी शेवंतीपुढे कुणीतरी जरीचं लुगडं नेसून, ताट हातात घेऊन उभी राहायची. ढोल वाजो, फटाके फुटोत, ताट दिसलं की शेवंती पुढे व्हायची. नुसता दोर ओढून ती आजवर कुठे गेली नव्हती. जिथे गेली ती ताटामागे गेली.

दुसऱ्या दिवशी शांताबाईंनी ट्रंकेतून आपलं लग्नातलं हिरवं लुगडं काढलं, पितळी ताटात डाळ घेतली आणि भर दुपारी राईस मिलकडे निघाल्या. शेजारच्या कलावतीनं दारातूनच अडवलं.

"काय वो शांताबाई, खरमासात कोनाच्या वरातीले निघाल्या? का बुढ्याले पुन्हा घोडीवर बसवता?"

"बुढ्याचे गुडघे वाकत नाहीत. तुह्याच मालकाले धाड."

हसत गेल्या, पण आवारात पोचल्यावर हसू उरलं नाही. त्यांनी फाळक्यावर आधी गोणपाटं अंथरली, त्यांवर अंगणातली माती पसरली. तिथेच, जमिनीवर उभं राहून, ताट पुढे केलं. शेवंती आली, डाळ खाल्ली. एवढंच. दुसऱ्या दिवशी त्या फाळक्याच्या कडेवर बसल्या, मग उतारावर मध्ये, मग आत. घोडी मान लांबवून जेवढं पोचेल तेवढं खायची. एक खूर ठेवायची, मातीमुळे आवाज यायचा नाही, कान मागेपुढे व्हायचे, खूर परत घ्यायची. परत जाऊ द्यायचं, दोर धरायचा नाही, हे शांताबाईंनी नवऱ्याला बजावून ठेवलं होतं. आणि एक नेम त्यांनी स्वतःशी केला होता. ती जेवढी चढेल तेवढ्याची डाळ तिला मिळालीच पाहिजे. फसवायचं नाही.

एका दुपारी ती सगळीच्या सगळी आत आली. ट्रॉली तिच्या वजनानं खाली बसली, करकरली. शांताबाईंना वाटलं, आता उधळणार आणि आपण जाळीशी चिरडणार. शेवंती थरथरत उभी राहिली, मग तिनं ताटात तोंड घातलं. तिच्या दाढांचा सावकाश आवाज त्या निळ्या पत्र्यात भरून राहिला. शांताबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंद झाला होता खरा, पण घोडीचे डोळे इतके जवळून पाहताना त्यांना उगाच वाटलं, आपण हिच्याकडून काहीतरी काढून घेतलं.

निरंजन पाहायला आला तेव्हा खूश झाला. ट्रॉलीभोवती फेरी मारली आणि विचारलं, "काकी, किसी के साथ भी चढ़ेगी? या बस आपके साथ?"

कुणाबरोबरही कशाला चढायला हवी, हे शांताबाईंना कळेना. निरंजनचं म्हणणं, उद्या तुम्ही आजारी पडलात तर? बोलणं रास्त होतं. दुसऱ्या दिवशी तो बायकोला, देवश्रीला, घेऊन आला. ती ऑफिसातून थेट आलेली, सलवार-कुर्त्यात, वरून त्यानं तिच्या खांद्यांवर एक चमकीची ओढणी टाकली. ती घाबरत घाबरत आत उभी राहिली, ताट लांब धरून. शेवंतीनं एकदा बाहेर उभ्या शांताबाईंकडे पाहिलं आणि चढली.

देवश्री उतरताना म्हणाली, "कितनी सीधी है ना, काकी."

शांताबाईंनी मान हलवून 'हव' म्हटलं. त्या रात्री जेवण गेलं नाही.

त्यानंतर आवारात एक माणूस दिसू लागला. पाठीवर हात बांधून मिलच्या भिंतीशी उभा राहायचा, गळ्यात मफलर, पायात नवे बूट. निरंजन त्याला 'सेठ' म्हणायचा. एकदा त्यानं जवळ येऊन, न विचारता, शेवंतीचा ओठ उचलून दात पाहिले. पायावरून खालपर्यंत हात फिरवला, सोललेल्या गुडघ्याशी थांबला, आणि ही कधी व्यायली आहे का असं विचारलं. वरातीला घोडी ठरवायला आलेले लोक शांताबाईंनी पाहिले होते. ते रंग पाहतात, उंची पाहतात, नवरदेव घाबरट आहे म्हणून सांगतात. दात कुणी पाहत नाही. त्यांनी घरी नवऱ्याला हे सांगितलं. गंगाधरराव पाय चोळत होते. तेल गरम कर, एवढंच म्हणाले.

मग एका संध्याकाळी निरंजन सांगून गेला, की गुरुवारी घोडी न्यायची आहे, नवा रायपुरला लग्न आहे.

शांताबाईंनी आयुष्य पंचांगावर काढलं होतं. कुठल्या महिन्यात दारात माणसं येतात आणि कुठल्या महिन्यात नाल काढून घोडीला नुसतं उन्हात उभं करायचं, हे त्यांना मोजावं लागत नसे. संक्रांत अजून व्हायची होती.

"खरमासात कोनाचं लगन हाय रे?"

"बड़े लोग हैं, काकी. वो नहीं मानते ये सब."

मानत नसतील. त्यांनी मान हलवली. मग विचारलं, झूल कोणती काढू, लाल की मोरपंखी? लाल उन्हात टाकायला हवी, कोंदट वास येतो.

निरंजन मोबाइलमध्ये पाहत होता. "झूल रहने दो. वो लोग देंगे."

तो गेल्यावर शांताबाई बराच वेळ अंगणात उभ्या राहिल्या. नवरदेवाची घोडी कुणी उघडी मागवत नाही. लोक तुरा मागतात, घुंगरू मागतात, मोत्यांची मोहरकी मागतात, नुसती घोडी मागणारा पहिलाच. त्या खाटेपाशी गेल्या. गंगाधरराव भिंतीकडे तोंड करून पडले होते. अंगणात शेवंतीनं एकदा खूर आपटला. त्या विचारणार होत्या, पण विचारलं की उत्तर ऐकावं लागेल, म्हणून दिवा मालवून निजल्या. चढली नाही तर जाईल, म्हणून शिकवलं. शिकल्यामुळेच विकली जाते आहे, हे अंधारात त्यांना स्वच्छ दिसत होतं. डाळ मात्र सवयीनं भिजत घातली होती.

गुरुवारी सकाळी आवारात जीप लागलेलीच होती. मफलरवाला माणूस ड्रायव्हरशेजारी बसला होता. गंगाधरराव घोडी घेऊन लंगडत पुढे. शांताबाई हिरव्या लुगड्यात, ताट घेऊन, पुढच्या छोट्या दारानं आत चढल्या. फाळका पडला. आज कुणी गोणपाटं टाकली नव्हती, माती नव्हती.

"आवाज दो, काकी," निरंजन म्हणाला.

शांताबाईंनी आवाज दिला नाही. त्यांनी पदर ओढून ताट झाकलं, पाठीमागे धरलं आणि घोडीकडे पाहून नकारार्थी मान हलवली. नको येऊ. शेवंती उताराच्या तोंडाशी थांबली होती, कान उभे. लोखंड तसंच होतं, पूर्वीसारखं. ती बिचकेल, मागे होईल, मागच्या पायांवर उभी राहील, हीच एक आशा होती.

शेवंतीनं खूर ठेवला. ठण्ण आवाज झाला. ती क्षणभर थांबली आणि दुसरा ठेवला. ताट दिसत नसतानाही ती चढत आली, एकेक पाय जपून टाकत, आणि येऊन शांताबाईंच्या छातीशी थांबली. आता तिला ताटाची गरज उरली नव्हती.

मागे फाळका वर गेला, खिट्टी बसली.

"चलो काकी, उतरो," निरंजन छोट्या दाराशी येऊन म्हणाला.

शांताबाई उतरल्या नाहीत. जाळीतून त्यांना नवरा दिसत होता. तो दोराचं वेटोळं करत होता, दोर गुंडाळून झाला तरी करतच होता.

"तुमाले ठाऊक होतं?"

गंगाधररावांनी मान वर केली नाही. "माहे गुडघे चालत नाहीत, शांता. त्यानं रिसॉर्टच्या गेटावर बसून राहाचं काम देतो म्हनलं."

हे ते इतक्या हळू म्हणाले, की ते खोटं असतं तर बरं झालं असतं, असं शांताबाईंना वाटलं. त्या रागावू शकल्या नाहीत. हल्ली रात्री नवऱ्याचे पाय त्याच उचलून खाटेवर ठेवत होत्या.

"काकी." निरंजनचं हसू गेलं होतं. "घोड़ी मेरी है. तमाशा मत करो."

"घोडी तुहीच हाय," शांताबाई म्हणाल्या. "मी कुठं नाही म्हनलं?"

आणि त्या ट्रॉलीच्या तळाशी, घोडीच्या पुढच्या पायांजवळ बसल्या. शेवंतीनं मान खाली घालून त्यांचा पदर हुंगला. त्यांनी ताट पुढे घेतलं, वरचा पदर काढला. ती चढली होती, तिची डाळ तिला द्यायलाच हवी होती.

निरंजन मफलरवाल्याशी काहीतरी बोलला. जीपमधून उत्तर आलं, बसू दे म्हातारीला, टाटीबंध चौकापर्यंत बसेल आणि आपणच उतरेल. नवा रायपुर टाटीबंधकडे नाही, नेमकं उलट्या बाजूला आहे. टाटीबंधवरून रस्ता बाहेर जातो, दूर, शांताबाईंच्या माहेरच्या पुलगावच्याही पुढे. आता ते लपवायचीही कुणाला गरज वाटत नव्हती.

इंजिन सुरू झालं. ट्रॉलीला हिसका बसला आणि शेवंतीचे चारी पाय एकदम ताठ झाले. तिच्या कातडीखालून पुन्हा काहीतरी धावायला लागलं. शांताबाईंनी ताट बाजूला ठेवलं, पाय पत्र्याला घट्ट लावले आणि घोडीच्या पायांना दोन्ही हातांनी कव घातली. ती पडू नये, एवढंच आता त्यांच्या हातात होतं.

जाळीमागे राईस मिलची भिंत मागे सरकू लागली. गंगाधरराव दोर हातात घेऊन दोन पावलं चालले आणि थांबले.