पटक्यावर चार बोटं

पंच्याण्णवच्या सुमारास मी जुनी उघडी जीप घेतली. तिला पत्र्याचा काढता टप बसवावा की कापडी हूड, हे ठरेना. आखाडा बाळापूरच्या हूडवाल्यानं दातात सुई धरूनच विचारलं, "बसनार कोन?"

"वडील. त्यांना जाताना दोन्हीकडची शिवारं बघायची असतात."

"मंग पत्रा काहून? काढला त घरी ऱ्हाते, आन पाऊस वाटंत गाठते. हूड गुंडाळा, गाडीसंगंच येते."

रिकाम्या गाडीचं माप त्यानं घेतलंच नाही. वडिलांना बोलावून मागं बसवलं, पटका बांधायला लावला आणि पटक्यावर चार बोटं सोडून हूडच्या दांडीवर खडूची खूण केली.

वडील जाऊन वर्षं झाली. परवा नवा हूड शिवताना दुसरा कारागीर म्हणाला, "लई उंच हाय. कमी करू?"

"नको," मी म्हणालो. "बराबर आहे."