दस्त लिहिणारा

धुळ्याच्या कचेरीबाहेर, लिंबाखाली चटई टाकून तो घरांच्या खरेदीचे दस्त लिहायचा. एक ओळ झाली की ती पुटपुटत वाचायचा, धोतराच्या सोग्याला टाक पुसायचा आणि मगच पुढची ओळ धरायचा.

मी तेव्हा शाळेत मास्तर होतो. भाड्याच्या खोल्या बदलून कंटाळलो होतो आणि मोठ्या मुश्किलीने एक घर ठरलं होतं. विकणारा माझ्या शेजारीच बसला होता. अर्धा दस्त झाल्यावर लिहिणाऱ्याने मान वर केली.

"त्या घरमा आज चूल कोन पेटाडस?"

"माझी विधवा वहिनी," विकणारा म्हणाला. "ती जाईल माहेरी."

त्याने टाक खाली ठेवला. "तिले लई या. तिना तोंडथून आयकसू, मंग लिखसू."

मी चिडून उठलो. पण तिला आणल्याशिवाय तो पुढची ओळ लिहिणार नव्हता. चार दिवसांनी ती बाई आली. पदर सावरत म्हणाली, "माहेरी आता कोणीच नाही. मागची खोली तेवढी राहू द्या."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी होकार दिला. खोली तिच्या हयातीपर्यंत तिचीच, असं त्याने ठळक अक्षरात लिहिलं.

पुढे माझी पत्नी तीन महिने अंथरुणाला खिळली. त्या दिवसांत आमच्या दोन्ही मुलींना जेवू घालून, वेण्या घालून शाळेत धाडणारी मागच्या खोलीतली ती अक्काच होती. दस्त लिहिणाऱ्या त्या माणसावर मी चिडलो होतो, हे आठवलं की आजही मान खाली जाते.